तांबडीला दिलेली सुई

माझ्यावर घरातले सगळे हसतात. हसू देत. मी भाजीवालीच्या तराजूखाली हात फिरवून बघते, दूध बोटावर घेऊन बघते, आणि औषधाचं पाकीट हातात आलं की दुकानदार काय सांगतोय ते न ऐकता आधी त्यावरची तारीख वाचते. आमचे हे म्हणतात, "तू बोहल्यावर माझ्या मुंडावळ्या बाजूला सारून बघितलं असशील." बघितलंच होतं. दुसराच कुणी उभा केला असता म्हणजे?

हा स्वभाव मला माझ्या वडलांकडून, आबांकडून, आलेला नाही. आबांचा कुणावरही विश्वास बसायचा, आणि त्याचा मला लहानपणापासून राग यायचा. तो आला नानांकडून. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. पोलादपूरच्या वर डोंगरावर आमची वाडी, तिथं आमच्या अंगणाला लागूनच त्यांचं अंगण. नानांच्या स्वतःच्या बायकोनं गवताचा भारा आणला तरी नाना तो सोडायचे, पसरायचे, हुंगायचे आणि मगच बैलांपुढं टाकायचे. "कापताना काय काय येतं त्यात," म्हणायचे. मी त्यांच्याशेजारी बसून गवत निवडायची. मला ते काम फार आवडायचं.

वाडीत घरं थोडी आणि गुरं जास्त. नाचणी, वरी पिकवायची, दूध-तूप खाली न्यायचं, असा सगळ्यांचा संसार. जमीन म्हणजे कातळ, वर वीतभर माती. त्यामुळे आमच्याकडे मेलेलं ढोर पुरत नसत, वरच्या माळावर नेऊन ठेवत. नेणार कोण, तर ज्याचं ढोर तोच, भावकीला हाताशी घेऊन. पूर्वी हे काम खालच्या बौद्धवाडीतल्या लोकांवर लादलेलं असायचं. महाडला चवदार तळ्यावर जो लढा झाला, त्या काळात त्यांनी ते सोडलं, आणि बरं केलं. पुढं मी महाडच्याच शाळेत शास्त्र शिकवायला लागले. दर मार्चमध्ये तळ्यावर लोटणारी गर्दी बघताना मला हमखास आमचा माळ आठवायचा आणि वाटायचं, दुसऱ्याचं मढं ओढायला कुणाला कशाला सांगायचं? आपलं ढोर आपण न्यावं.

माळावर गिधाडं यायची. कड्यावर आणि बेहड्याच्या उंच झाडांवर त्यांची घरटी होती. ढोर ठेवून माणसं मागं सरली की आधी एक उतरायचं, मग बघता बघता सगळा माळ भरायचा. दिवस मावळेपर्यंत नुसती हाडं उरायची, वास नाही की माशी नाही. आमच्याकडे रीत अशी होती की पहिलं गिधाड उतरेपर्यंत ढोराच्या धन्यानं जेवायचं नाही. ते उतरलं म्हणजे ढोर पोचलं. मग घरी येऊन आंघोळ करायची आणि भाकरीला हात लावायचा. मी शहाणी मुलगी, आईला विचारलं होतं, "कुठं पोचलं?" आई म्हणाली, "जिथं जायचं तिथं. तू जेव."

आता तांबडीचं सांगते. तांबडी आबांची लाडकी गाय. मी महाडला नोकरीला लागले त्याच्या नंतरच्याच एका पावसाळ्याच्या शेवटी ती शेवाळलेल्या कातळावरून घसरली आणि खालच्या घळीत पडली. कंबरेतून गेली. वाडीतल्या सगळ्यांनी मिळून तिला बांबूंवर घालून वर आणलं, पण ती परत उभी राहिली नाही. पडल्या पडल्या कण्हायची. आबांना ते ऐकवेना. ते पोलादपूरला उतरले आणि गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर भला माणूस. रस्ता नसताना चिखल तुडवत वर आला. त्यानं दुखणं कमी करायची सुई दिली, आणि कमाल म्हणजे तांबडीनं मान उचलून पेंढा खाल्ला. आबांना वाटलं, देवच आला.

मग आबा रोजच खाली जायला लागले. डॉक्टरांना रोज चढणं जमेना, म्हणून त्यांनी आबांना सुई टोचायला शिकवलं आणि औषध बरोबर दिलं. मी रविवारी माहेरी गेले तेव्हा आबा तांबडीच्या मानेजवळ बसून तिच्याशी बोलत बोलत सुई देत होते. मी बाटली हातात घेऊन तारीख बघितली. तारीख ठीक होती. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती वाचनार नाय गो. ह्यांना सांगून काय उपेग नाय." शेवटच्या दिवशीही आबांनी सुई दिली. नुसतं तिला त्रास होऊ नये म्हणून. तांबडी गेली तेव्हा कण्हत नव्हती, हे आबा पुढं कितीतरी दिवस सांगायचे.

तिला माळावर ठेवलं. पहिलं गिधाड उतरलं, आबा घरी येऊन जेवले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुराख्यांनी सांगितलं की बेहड्यावर गिधाडं माना खाली घालून बसलीत, दगड मारला तरी उडत नाहीत. आणि मग ती झाडाखाली पडलेली सापडायला लागली.

वाडीत असं कधी झालं नव्हतं. आणि नेमका त्याच्या आधी बिबट्यानं आबांचा बोकड नेला होता. बिबट्यासाठी मेलेल्या ढोरात विष घालून ठेवतात, हे डोंगरात सगळ्यांना माहीत असतं, कबूल कुणी करत नाही. नानांच्या डोक्यात लगेच गणित जुळलं. बोकड गेला, आबांना राग आला, तांबडी मेली, तिच्यात आबांनी विष घातलं. बिबट्या मरायचा राहिला आणि गिधाडं मेली. नाना तेवढ्यावर थांबणारे नव्हतेच. त्यांनी एक मेलेलं गिधाड उचलून आणलं आणि अंगणात कोयत्यानं फाडलं. आत काळजा-आतड्यांवर पांढरं काहीतरी लागलेलं होतं, चुन्याच्या भुकटीसारखं.

"ही बघा पावडर," नाना म्हणाले.

सगळ्या वाडीनं बघितली. आईनं मला नंतर सांगितलं तेव्हा मी चिडून म्हटलं, खाल्लेलं विष काळजाच्या बाहेरून कसं लागेल? ते पोटात असेल ना? पण मी महाडला, आणि पावडर नानांच्या अंगणात. डोळ्यांनी बघितलेल्या पावडरीपुढं माझं शास्त्र कोण ऐकतंय?

गावकी बसली. आमच्या भागात वाळीत टाकणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पाणी भरायला गेलं की बायका घागर उचलून बाजूला होतात, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. हे सगळं आबांवर येऊ घातलं होतं. आबा आपले म्हणत होते, "मी काय घातलं नाय रे." शेवटी ठरलं की आबांनी देवळात बेलभंडार उचलायचा, म्हणजे बेलाचं पान आणि देवाचा भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची. आबा एका पायावर तयार झाले. खऱ्या माणसाला शपथेची कसली भीती?

त्या दिवशी मी वाडीत होते. आबांनी पान उचललं आणि म्हणाले, "मी तांबडीला विख घातलं नाय."

नाना मधेच बोलले. "तसं नको. तू नसशील घातलं, दुसऱ्या कुनाच्या हातनं घातलं असशील. 'माझ्या गायीच्या अंगात विख नव्हतं', असं बोल."

मला नानांचा इतका संताप आला की देऊळ नसतं तर मी तोंडावर बोलले असते. आणि खरं सांगायचं तर, आत कुठंतरी मला त्यांचं कौतुकही वाटलं. फट ठेवायची नाही, ही अक्कल मी त्यांच्याकडूनच शिकले होते. आबांनी एकदाही विचार केला नाही. नाना म्हणाले तसं बोलले: "माझ्या गायीच्या अंगात विख नव्हतं. असंल तर माझ्या गोठ्यात ढोर राहू नये." आणि भंडारा कपाळाला लावला.

झालं. मधे बरेच दिवस गेले, आबांची गुरं धडधाकट राहिली, गायी व्यायल्या. देवानं निकाल दिला असं वाडीनं मानलं आणि वाळीत टाकायची भाषा विरून गेली. फक्त नानांची खात्री पटली नाही. पूर्वी दोन्ही घरची गुरं एका गवतावर पोसायची, एकाचं संपलं तर दुसऱ्याच्या भाऱ्याला हात घालायचा. शपथेच्या दिवसापासून नानांनी आबांच्या हातचं गवत घेतलं नाही. आबा सवयीनं भारा त्यांच्या कुडाला टेकवून यायचे, तो संध्याकाळी तसाच असायचा.

आणि गिधाडं परत आली नाहीत. आधी वाटलं, आमच्याच माळावर रुसलीत. मग कळायला लागलं की ती कुठंच नाहीत. ज्याला विचारावं त्याचं वेगळं. हिरकणीवाडीत खाणावळ चालवणारा आमचा एक नातलग ठामपणे सांगायचा की रायगडावर रोपवे झाला, त्या तारांना ती भ्यायली. मुंबईहून आलेले म्हणायचे, मोबाइलच्या टॉवरमुळं. शाळेतले एक सर म्हणायचे, परदेशातून रोग आलाय, आणि खरोखरच शास्त्रज्ञांमध्येही तेव्हा रोगाचीच चर्चा चालली होती. माझा संशय कारखान्यांवर होता. नदीच्या पाण्याला कधीमधी जो वास यायचा त्यावरून मी मनातल्या मनात खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. पुरावा काडीचा नव्हता. मी नानांचीच पुतणी.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत, चहा पिता पिता, वर्तमानपत्रात वाचलं. गिधाडं रोगानं मरत नाहीत. शेजारच्या देशात शास्त्रज्ञांनी मेलेली गिधाडं तपासली तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली दिसली, आणि आतल्या अवयवांवर पांढरा थर साचलेला. कारण निघालं गुरांना दुखण्यावर देतात ते औषध. सुई दिलेलं जनावर लवकर मेलं की औषध त्याच्या मांसात राहतं, आणि ते खाऊन गिधाडं मरतात. औषधाचं नाव होतं डायक्लोफिनॅक. गुडघे दुखतात म्हणून माझ्या सासूबाई त्याच नावाच्या गोळ्या घ्यायच्या.

पांढरा थर. माझा चहा तसाच राहिला. नानांची पावडर ती हीच. विष कुणी घातलेलंच नव्हतं.

पण मी अशी तशी विश्वास ठेवणारी नाही. छापलेलं सगळं खरं असतं का? मी सुट्टी काढून पोलादपूरला गेले आणि त्याच गुरांच्या डॉक्टरांना गाठलं. आता त्यांचे केस पिकले होते. मी विचारलं, "तांबडीला हेच दिलं होतं का?"

"तेव्हा सगळे हेच द्यायचे, मॅडम," ते म्हणाले. "आता बदललंय. आता दुसरं देतो. ते तपासलेलं आहे."

"हे पण तपासलेलंच होतं ना?"

त्यांना राग आला नाही. "गायीवर तपासलं होतं. गिधाडावर कोण तपासणार?" ते म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची दिली.

मी बसले नाही. मला घाई होती. इतक्या वर्षांनी आबांवरचा डाग धुतला जाणार होता. नानांच्या तोंडावर हा कागद कसा धरायचा, पहिलं वाक्य काय बोलायचं, चढणीवर सगळं घोकत गेले. धाप लागली तरी थांबले नाही.

आबा गोठ्यात होते. मी अंगणातच पेपर उघडून त्यांना वाचून दाखवला, अवघड शब्द सोपे करून. आई दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आबा, तुम्ही सुटलात. नानांनी बघितलेली ती पावडर विषाची नव्हती. ते ह्या औषधानं होतं. सगळ्या देशभर असंच झालंय."

आबा गोठ्यातून बाहेर आले. मग म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजे तांबडीच्या अंगातलं ते औषीद."

"हो."

"ते गिधाडांना विख झालं."

"हो, पण तुम्हाला कुठं माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं."

"शेवटची सुई मीच दिली," आबा म्हणाले. "डाक्टर नको म्हनत होता."

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी घाईघाईनं बोलायला लागले. सांगितलं की शपथेचा अर्थ तो नव्हता, गावकीनं विचारलं होतं ते मुद्दाम घातलेल्या विषाबद्दल. आबा ऐकत होते आणि गोठ्याकडे बघत होते. त्यांनी मला एकच विचारलं, "मी काय बोललो व्हतो देवळात? सांग." मला सगळं पाठ होतं. मी सांगितलं नाही. आई आत निघून गेली.

पुढच्या महिन्यात निरोप आला की आबा गुरं वाटताहेत. मी धावत वर गेले. पाड्या भावकीत दिल्या होत्या, बैल खालच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडे, शेळ्यासुद्धा गेल्या होत्या. उरली होती फक्त तांबडीची नात, तिच्याच रंगाची. ती आबा नाते गावाला माझ्या आत्याकडे सोडायला निघाले होते. मी भांडले. देवावर चिडले, पेपरवर चिडले, त्या शास्त्रज्ञांवर चिडले, ज्यांना हे शोधायला इतकी वर्षं लागली आणि मग शोधल्याशिवाय राहवलं नाही. गुरांवर जगलेला माणूस गुरांशिवाय काय करणार? आबा दाव्याची गाठ सोडत होते.

आमचा आवाज ऐकून नाना आले. त्यांना वाडीतून सगळं कळलेलं होतं. तेही आता थकले होते, काठी टेकत चालायचे. कुडापाशी उभे राहून म्हणाले, "राहू दे रे एक. ते बोलनं मी तुज्या तोंडात घातलं व्हतं. तू तुज्या मनचं बोलला असतास तर खोटं पडलं नसतं."

"बोललो तर मीच ना," आबा म्हणाले.

"देव काय पेपर वाचतो?"

"देव नसंल वाचत. मला पोरीनं वाचून दाखवला ना."

आबा गाय घेऊन उतरले, आणि मी रिकाम्या गोठ्यात उभी राहून रडले. त्यांच्यावरचा आळ गेला तो मी आणलेल्या कागदानं, आणि गोठा रिकामा झाला तोही त्याच कागदानं. ह्याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. नव्या औषधाबद्दल सगळे म्हणतात की ते गिधाडांना चालतं. असेल. मी वाट बघतेय, त्यातून कधी काय निघतंय ते.

माळावर अजून गिधाडं नाहीत. ढोर मेलं की लोक ठेवून येतात आणि जेवून घेतात. कुत्री येतात, वास चार-आठ दिवस हटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी राहायला गेले होते. सकाळी आबा नेहमीसारखे कोयता घेऊन गेले आणि भारा घेऊन आले. आपल्या गोठ्यात गुरं नाहीत हे हातांना कुठं ठाऊक? ते दारापर्यंत आले, थांबले, वळले, आणि भारा नानांच्या कुडाला टेकवून घरात गेले. मी अंगणातून बघत होते. आता नाना बाहेर येणार, भारा तसाच सोडून आत जाणार, हे मला माहीत होतं.

नाना आले. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि वाकून भारा सोडला. मी वाट बघत होते, आता पसरतील, आता हुंगतील. त्यांनी दोन्ही हातांत मावेल तेवढं गवत उचललं आणि न बघता बैलांपुढं टाकलं.